नाताळची पक्षिगणना

पक्ष्यांचा अभ्यास हा वसंतऋतूचा विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वसंतांत पक्षी गातात, घरटीं बांधतात, त्यांच्या पिसांवर नवी झळाळी येते. तेव्हां ज्याला पक्षी ओळखावयास शिकावयाचें आहे त्यानें त्या ऋतूची वाट पाहावी, असें वाटणें स्वाभाविकच आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामान्य माणसांच्या पक्षिनिरीक्षणाची जी मोठी प्रथा पडली, तिचें एक प्रमुख मूळ वसंतांत नाहीं. तें ऐन डिसेंबरांत, बर्फानें झांकलेल्या शेतांत आणि पानें गळून उघड्या पडलेल्या रानांत आहे. तेथील असंख्य माणसांनीं पक्षी पाहण्याचे पहिले धडे घेतले ते कडाक्याच्या थंडींत. आणि ज्या दिवशीं ते धडे सुरू झाले, तो दिवस त्यापूर्वीं पक्ष्यांच्या संहाराचा दिवस होता. संहाराचा दिवस गणनेचा दिवस कसा झाला, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या अनेक भागांत नाताळच्या दिवशीं 'साइड हंट' नांवाची एक चढाओढ होत असे. गांवांतील बंदूकवाले एकत्र जमत, दोन पक्ष पाडीत, आणि दोन्ही पक्ष रानांत शिरून समोर येईल तें पांखरूं व जनावर टिपीत सुटत. खाण्याजोगें कोणतें, उपद्रवी कोणतें, दुर्मिळ कोणतें, असा विवेक त्या खेळांत नसे. दिवस संपल्यावर दोन्हीकडची शिकार मोजावयाची आणि ज्याचा ढीग मोठा तो पक्ष जिंकला असें ठरवावयाचें, एवढाच त्याचा नियम. शिकारीविषयींच्या नियतकालिकांत असल्या विजयांच्या वार्ताहि छापून येत.

हीं माणसें जात्याच क्रूर होतीं असें समजणें अन्यायाचें होईल. पक्षी अपार आहेत, कितीहि मारले तरी ते संपावयाचे नाहींत, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. आणि त्या श्रद्धेला आधारहि होता. 'पॅसेंजर पिजन' नांवाच्या रानकबुतरांचे थवे आकाशांतून जाऊं लागले म्हणजे सूर्य झांकोळून जाई, आणि एकेक थवा सरावयास तासच्या तास लागत. त्यांची संख्या अब्जांनीं मोजावी लागे. परंतु आगगाडी आणि तारायंत्र यांमुळें थवा कोठें उतरला ही बातमी व्यापाऱ्यांना तत्काळ कळूं लागली, मारलेल्या पक्ष्यांचीं पिंपें भरभरून शहरांत जाऊं लागलीं, आणि शतक संपतें न संपतें तोंच तें कबूतर रानांतून जवळजवळ नाहींसें झालें. त्या जातीची शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिन्सिनाटी येथील प्राणिसंग्रहालयांत मेली. अब्जांचा हिशेब एकावर आला आणि मग शून्यावर. मधल्या आंकड्यांची शिस्तवार नोंद मात्र कोणीं ठेवली नव्हती.

ही नोंद ठेवण्याची संवय ज्यानें लोकांना लावली, तो फ्रँक चॅपमन १८६४ सालीं न्यू जर्सी संस्थानांत जन्मला. महाविद्यालयाची पायरी तो कधीं चढला नाहीं. शाळा संपल्यावर न्यूयॉर्कच्या एका पेढींत त्यानें नोकरी धरली, आणि कामावर जाण्यापूर्वीं सकाळच्या वेळीं तो पक्षी पाहूं लागला. १८८६ सालीं त्यानें एक विलक्षण मोजणी केली. न्यूयॉर्कच्या बाजारपेठेंत दोन दिवस दुपारीं हिंडून त्यानें रानांतले नव्हेत, तर स्त्रियांच्या टोप्यांवरचे पक्षी मोजले. त्याच्या दृष्टीस ७०० टोप्या पडल्या. त्यांपैकीं ५४२ टोप्यांवर पिसें होतीं, आणि त्यांवरून त्याला ४० जातींचे पक्षी ओळखतां आले. त्यांत सुतार पक्षी होते, समुद्रपक्षीहि होते. कित्येक टोप्यांवर तर अखंड पांखरूंच पेंढा भरून बसविलेलें असे. या मोजणींत उपदेशाचा एक शब्दहि नव्हता. केवळ आंकडे होते, आणि ते पुरेसे बोलके होते. त्याच वर्षीं चॅपमननें पेढी सोडली, आणि १८८८ सालीं तो न्यूयॉर्कच्या सृष्टिविज्ञानाच्या पदार्थसंग्रहालयांत रुजू झाला. तेथील संग्रहासाठीं त्यानें स्वतः बंदुकीनें पुष्कळ पक्षी मारले, हेंहि सांगितलें पाहिजे. तो बंदुकीची निंदा दुरून करणारा गृहस्थ नव्हता. तिचें काम काय आणि तिची मर्यादा कोठें, हें तो अनुभवानें जाणत होता.

१८९९ सालीं चॅपमननें 'बर्ड-लोर' नांवाचें नियतकालिक काढलें. १९०० सालच्या डिसेंबरच्या अंकांत त्यानें वाचकांपुढें एक सूचना मांडली. नाताळच्या दिवशीं शिकारीस जाण्याची जुनी रीत आहे. ती रीत तशीच ठेवावी, रानांत जावें, चढाओढहि करावी, पण पक्षी मारण्याऐवजीं ते मोजावे, अशी ती सूचना होती. यादी कशी करावी हेंहि त्यानें सांगितलें. आरंभीं हवा कशी आहे, आकाश निरभ्र कीं ढगाळ, जमिनीवर बर्फ आहे कीं नाहीं, वारा कोणत्या दिशेचा व किती जोराचा, निघतांना उष्णमान किती, निघण्याची वेळ कोणती व परतण्याची कोणती, हें लिहावें; त्याखालीं प्रत्येक जातीचें नांव आणि दिसलेल्या पक्ष्यांची संख्या द्यावी. ही यादी त्याच सायंकाळीं टपालांत टाकावी, म्हणजे ती फेब्रुवारीच्या अंकांत छापली जाईल आणि आपली यादी दुसऱ्याच्या यादीशीं ताडून पाहतां येईल, असें त्याचें आश्वासन होतें.

त्या पहिल्या नाताळास २७ माणसें बाहेर पडलीं. कॅनडांतील टोरोंटोपासून कॅलिफोर्नियांतील पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत २५ ठिकाणीं मोजणी झाली. बहुतेक ठिकाणें ईशान्येकडील शहरांच्या आसपासचीं होतीं. सर्वांचे मिळून सुमारें १८,५०० पक्षी आणि सुमारें ९० जाती नोंदल्या गेल्या. एवढ्या विस्तीर्ण खंडाच्या मानानें २७ हा आंकडा हास्यास्पद वाटेल. परंतु तो उपक्रम तेव्हांपासून अखंड चालू आहे, आणि आज दोन हजारांहून अधिक ठिकाणीं हजारों माणसें त्यांत भाग घेतात.

चॅपमनच्या सूचनेला एवढें यश कां आलें, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पक्षिहत्येचा निषेध करणारे त्या काळीं थोडे नव्हते. १८९६ सालीं बोस्टन येथें हॅरिएट हेमेनवे आणि मिन्ना हॉल या दोन स्त्रियांनीं पिसांच्या टोप्यांविरुद्ध चळवळ उभारून मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन संस्था स्थापन केली होती. निषेधानें माणूस लाजतो आणि कधीं कधीं सुधारतो. परंतु एखादी संवय त्याच्यापासून काढून घेतली म्हणजे तिची जागा रिकामी राहते, आणि रिकाम्या जागेंत जुनी संवय पुन्हां येऊन बसते. चॅपमननें जागा रिकामी ठेवलीच नाहीं. नाताळची सकाळ, मित्रांचा मेळा, थंडींतली पायपीट, चढाओढ, शेवटीं होणारी मोजदाद आणि छापून येणारें नांव, हें सर्व त्यानें तसेंच राहूं दिलें. फक्त हातांतली बंदूक काढून तेथें पेन्सिल ठेवली. खेळ तोच राहिला, पण तो संपल्यावर पांखरें जिवंत राहूं लागलीं. समाजसुधारणेच्या इतिहासांत इतकी साधी आणि इतकी टिकाऊ युक्ति क्वचितच आढळते.

मात्र या बदलाच्या आड एक शास्त्रीय अडचण होती. पक्षी हातांत असल्याशिवाय त्याची जात निश्चित सांगतां येत नाहीं, असें त्या वेळचे पंडित मानीत. एलियट कूज या ख्यातनाम शास्त्रज्ञानें १८७४ सालीं नवशिक्यांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत दुनळी बंदूक हेंच अभ्यासकाचें मुख्य साधन म्हणून सांगितलें होतें. केवळ डोळ्यांनीं पाहून केलेली ओळख म्हणजे ऐकीव गोष्ट, असा तेव्हांचा दंडक होता. या दंडकाला फ्लॉरेन्स मेरियम या तरुण स्त्रीनें १८८९ सालीं सौम्य शब्दांत उत्तर दिलें. नाटकगृहांत नेण्याच्या छोट्या दुर्बिणींतून पक्षी कसे पाहावे, हें तिनें एका पुस्तकांत दाखवून दिलें. परंतु पुस्तकानें दाखविलेली वाट रुळावयास पायांची वर्दळ लागते, आणि ती वर्दळ नाताळच्या गणनेनें पुरविली. दरवर्षीं एका ठराविक दिवशीं शेंकडों माणसें दुरून पक्षी ओळखूं लागलीं, एकमेकांच्या याद्या तपासूं लागलीं, अशक्य वाटणाऱ्या नोंदींविषयीं जाब विचारूं लागलीं. अशा तालमींत डोळा तयार होऊं लागला. लड्लो ग्रिस्कम या पारंगत निरीक्षकानें उडत्या पक्ष्याची जात लक्षणांवरून क्षणांत सांगण्याची विद्या न्यूयॉर्कच्या तरुणांना शिकविली. आणि त्याच्या परिवारांत वावरलेल्या रॉजर टोरी पीटरसन या तरुण चित्रकारानें १९३४ सालीं तीच विद्या पुस्तकरूपानें सर्वांच्या हातीं दिली. चित्रांतील पक्ष्याचें नेमकें ओळखचिन्ह लहानशा रेघेनें दाखविणारें तें पुस्तक. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या २,००० प्रती थोड्याच दिवसांत संपल्या. बंदुकीची साक्ष जाऊन डोळ्याची साक्ष ग्राह्य झाली ती अशी पायरीपायरीनें.

या शिक्षणाला थंडीचा ऋतु अनुकूल पडला, हा निव्वळ योगायोग नव्हता. नाताळची तारीख शिकारीच्या रूढीमुळें ठरली हें खरें. पण हिंवाळा हा नवशिक्याचा उत्तम गुरु आहे, हें अनुभवानें लवकरच ध्यानांत आलें. वसंतांत एकाच झाडावर वीस जातींचे पक्षी येतात, पानांआड लपतात आणि ओळख पटण्यापूर्वींच उडून जातात. त्या गर्दींत नवशिका गोंधळतो आणि कंटाळून परत फिरतो. हिंवाळ्यांत बहुतेक कीटकभक्षक पक्षी दक्षिणेस गेलेले असतात. मागें राहिलेल्या जाती थोड्या, झाडें उघडीं, आणि अन्नाच्या शोधांत पक्ष्यांना दिवसभर हालचाल करणें भाग पडतें. अर्धा डझन पक्षी नीट ओळखतां आले म्हणजे पुढच्या वसंतांत नवा पक्षी आपोआप वेगळा दिसूं लागतो.

अमेरिकेच्या ईशान्य भागांतील हिंवाळी पक्ष्यांत पहिला मान चिकडी या पक्ष्याला द्यावा लागेल. काळी टोपी, काळा गळा आणि पांढरे गाल, एवढ्या खुणा त्याला ओळखावयास पुरतात. त्याचें वजन उणेंपुरें १० ते १४ ग्रॅम. तरीहि पाणी गोठविणाऱ्या थंडींत तो टिकून राहतो. शरद ऋतूंत तो हजारों बिया व किडे सालींच्या फटींत एकेक करून दडवून ठेवतो आणि पुढें त्या जागा आठवून काढतो. पिसें फुलवून तो अंगाभोंवतीं हवेचा थर धरून ठेवतो, आणि रात्रीं शरीराचें उष्णमान सुमारें १० अंश सेल्सिअसनें खालीं आणून इंधन वांचवितो. या चिकडींच्या टोळीबरोबर इतर पक्षीहि हिंडतात: खोडावरून डोकें खालीं करून उतरणारा नटहॅच, बारीक चोंचीचा लहान सुतार पक्षी, आणि कधीं कधीं एखादी रामपारी उमटावी तशी शांतपणें चढत जाणारी तपकिरी क्रीपर. अनेक डोळे असले म्हणजे ससाणा लवकर दिसतो, आणि एकाला अन्न सांपडलें म्हणजे इतरांनाहि त्याचा सुगावा लागतो. म्हणून हिंवाळी रान बराच वेळ मुकें असतें आणि एकाएकीं पक्ष्यांनीं भरून जातें. नवशिक्यानें निराश न होतां चिकडीचा आवाज कानीं येईपर्यंत थांबावें, हा तेथील अनुभविकांचा पहिला उपदेश आहे.

थंडींत पक्षी पाहावयास आरंभ करणाऱ्यास फारशी सामग्री लागत नाहीं. पण जी लागते तिच्यामागें कारण असतें. निरीक्षकाला चालण्यापेक्षां उभें राहणें अधिक घडतें, आणि उभ्या माणसाला थंडी लवकर बाधते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षां एकावर एक असे लोकरीचे दोन तीन कपडे, कान झांकणारी टोपी आणि कोरडे मोजे हवेत. नोंद पेन्सिलीनें करावी, कारण शाई गोठते. दुर्बिणीच्या कांचेवर श्वास जाऊं देऊं नये. आणि ती थंडींतून एकदम उबदार खोलींत आणल्यास कांचेवर दंव जमतें, म्हणून पिशवींतच ठेवून हळूहळू ऊब घेऊं द्यावी. वेळ सकाळची, ऊन चढूं लागल्यानंतरची. जागा वाऱ्याच्या आडोशाची व उन्हाची, किंवा न गोठलेल्या पाण्याच्या कांठची. एक नियम मात्र सर्वांहून महत्त्वाचा आहे. हिंवाळ्यांत पक्ष्याच्या अंगीं जी चरबी असते ती एका रात्रीच्या बेताची असते; जवळ जाऊन त्याला पुनःपुन्हां उडविणें म्हणजे त्याच्या रात्रीच्या शिधोरीवर हात टाकणें होय. जो दिवस संहारापासून सोडविला, त्या दिवशीं पाहणाऱ्याच्या उत्साहानेंहि पक्ष्यांना इजा होतां कामा नये.

यादीच्या आरंभीं हवा, वारा, बर्फ आणि वेळ लिहिण्याचा जो परिपाठ चॅपमननें घातला, त्याचें मोल पुढें कळलें. नुसता "शंभर पक्षी" हा आंकडा मुका असतो. दोन तासांत शंभर कीं आठ तासांत शंभर, वादळांत कीं निरभ्र दिवशीं, हें कळल्यावरच दोन वर्षांची तुलना होऊं शकते. पुढें नियमहि बांधले गेले. १५ मैल व्यासाचें एक वर्तुळ, १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या अवधींतील एक दिवस, आणि त्या दिवशीं दिसलेला किंवा ऐकूं आलेला प्रत्येक पक्षी, अशी आजची रीत आहे. अशा साध्या याद्यांची रास शंभर वर्षांहून अधिक काळ सांचत गेली, तेव्हां तिच्यांतून कोणाही एका निरीक्षकाला न दिसणाऱ्या गोष्टी दिसूं लागल्या. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सर्वत्र आढळणाऱ्या ३०५ जाती तपासल्या. त्यांपैकीं १७७ जातींचें हिंवाळी वसतिस्थान चाळीस वर्षांत उत्तरेकडे सरकलें होतें. हवामान बदलत आहे, ही गोष्ट पक्ष्यांनीं आपल्या पंखांनीं नोंदविली होती. माणसांनीं ती पेन्सिलीनें उतरून घेतली एवढेंच. १९७० नंतर उत्तर अमेरिकेंतील पक्ष्यांची संख्या सुमारें ३०० कोटींनीं घटली, असें २०१९ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. त्या हिशेबासहि उन्हाळी मोजण्यांबरोबर या नाताळच्या याद्यांचा उपयोग झाला. रानकबुतराच्या वेळीं मधले आंकडे कोणाजवळ नव्हते. या वेळीं ते आहेत.

तथापि मोजणीनेंच पक्षी वांचले असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. १९०० सालींच लेसी कायदा होऊन बेकायदा मारलेल्या पक्ष्यांच्या आंतरसंस्थानी व्यापारास बंदी झाली. १९१६ सालीं कॅनडाच्या वतीनें ब्रिटनशीं तह झाला. आणि १९१८ सालच्या कायद्यानें स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना संरक्षण मिळालें. फ्लॉरिडांत बगळ्यांच्या वसाहतींचें रक्षण करणारा गाय ब्रॅडली नांवाचा पहारेकरी १९०५ सालीं पिसांच्या शिकाऱ्याच्या गोळीनें प्राणांस मुकला. कायदा, त्याग आणि मोजणी या तिघांचाहि त्या कामांत वांटा आहे. परंतु कायदा पुस्तकांत राहतो. तो पाळावा असें वाटावयास लावणारी माणसें लागतात, आणि पक्ष्याचें नांव ठाऊक असलेला माणूस सहसा त्याच्यावर गोळी झाडीत नाहीं. अशीं माणसें नाताळच्या थंडीनें तयार केलीं.

हिंदुस्थानचा अनुभव यापासून फार दूर नाहीं. भरतपूरच्या पाणथळीवर १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळीनें एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारले, आणि तो आंकडा अभिमानानें दगडावर कोरला गेला. तीच पाणथळ १९८५ पासून जागतिक वारशांत गणली जाते, आणि तेथें जाणारीं माणसें दुर्बीण घेऊन जातात. सालिम अली यांच्या १९४१ सालच्या ग्रंथानें येथील वाचकांना पक्षी ओळखावयास शिकविलें; आणि १९८७ पासून दर जानेवारींत आशियांतील पाणपक्ष्यांची जी गणना होते, तिच्यांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साह्यानें येथील हौशी निरीक्षकहि भाग घेतात. उजनीच्या पाण्यावर किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या कांठीं जानेवारीच्या धुक्यांत हिमालयापलीकडून आलेले पट्टकादंब उतरतात, तेव्हां तेथील नवशिक्याला बर्फाची गरज नसते. एक शाल, एक पेन्सिल आणि थोडा धीर एवढें पुरतें.

तेथेंहि आरंभ कागदाच्या माथ्यावरूनच व्हावयाचा असतो: आजची तारीख, ठिकाण, निघण्याची वेळ, हवा कशी, वारा कोणीकडचा. त्याखालीं ओळखलेला पहिला पक्षी, मग तो घरचिमणी कां असेना, आणि त्यापुढें त्याची संख्या. १९०० सालच्या त्या २७ माणसांनीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.